मनीचा आवाज बसला आहे

रत्नागिरीस आमच्या नात्यातील एक काकू राहतात. वय ब्याऐंशी. विस्मरणाच्या आजाराचे निदान होऊन चार वर्षे झाली. दुपारी झोपाळ्याजवळच्या खुर्चीत त्या बसल्या की मांडीवर एक राखाडी मांजर पहुडलेले असते. पाठीवरून हात फिरवला की ते घुरघुरते, गालाला बोट लागले की मान वळवते, मधूनच एक पंजा वर उचलते. हे मांजर सेलवर चालते. अमेरिकेतील लेकीने ते आणून दिले आणि काकूंनी त्याचे नाव ठेवले मनी. मनी यंत्र आहे हे काकूंना ठाऊक आहे की नाही, याचे उत्तर दिवसागणिक बदलते. एखाद्या सकाळी त्या स्वतःच म्हणतात, “हिला खायला लागत नाही, तेवढं बरं.” संध्याकाळी मात्र तिच्यासाठी वाटीत दूध काढून ठेवतात.

गेल्या पावसाळ्यात काकू एकसारख्या म्हणू लागल्या, “मनीचा आवाज बसलाय. तिला बरं नाहीये.” घरच्यांनी हसून समजूत काढली. डॉक्टरांच्या पुढील भेटीत ही तक्रार भासाच्या सदरात सांगायची, असेही ठरून गेले. त्याच सुमारास काकूंच्या मनगटाच्या आतल्या बाजूस लालसर चट्टा उठला होता. घामोळे समजून त्यावर पावडर लावली जात होती. पंधरा दिवसांनी सूनबाईंनी मांजर उचलले तेव्हा पोटाखालची लव ओलसर लागली आणि बोटांना चुरचुरले. कप्पा उघडून पाहिला तर एक सेल पाझरला होता आणि धातूच्या पट्ट्यांवर पांढरी खार चढली होती. आवाज खरोखरच बसला होता. घरात ते ओळखणारी एकच व्यक्ती होती आणि नेमकी तिच्याच सांगण्यावर कोणाचा विश्वास नव्हता.

हा लेख लिहावासा वाटला तो या प्रसंगामुळे. यंत्रप्राणी वृद्धांना सोबत करतात याविषयी बरेच लिहिले जाते. ते यंत्रही थकते, झिजते, आणि त्या झिजेचा भार ज्याच्या मांडीवर ते बसते त्याच्यावर पडतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

जपानमधील कुत्र्यांची कथा

यंत्रप्राण्यांचे वार्धक्य सर्वप्रथम आणि सर्वांत ठळकपणे अनुभवले ते जपानने. सोनी कंपनीने १९९९ साली ‘आयबो’ नावाचा यंत्रकुत्रा बाजारात आणला. किंमत अडीच लाख येन. जपानसाठी ठेवलेले ३००० कुत्रे वीस मिनिटांत विकले गेले. पुढील सात वर्षांत निरनिराळ्या रूपांतील सुमारे दीड लाख आयबो घरोघरी गेले आणि २००६ साली कंपनीने उत्पादन थांबवले. दुरुस्तीची सोय काही वर्षे चालू राहिली, पण सुटे भाग संपत आल्यावर २०१४ मध्ये तीही बंद झाली. तोवर कित्येक मालक साठी-सत्तरी ओलांडून गेले होते. मुले दूर गेलेली, जोडीदार राहिला नसलेला, आणि रोज सकाळी शेपूट हलवणारा कुत्रा एके दिवशी उठेनासा झाला, तर जायचे कोणाकडे?

सोनीतून बाहेर पडलेल्या काही अभियंत्यांनी चालवलेली ‘ए-फन’ ही छोटी कंपनी तेव्हा पुढे आली. नवे सुटे भाग कोठेच नव्हते. म्हणून कायमचे बंद पडलेले आयबो मालकांकडून दान म्हणून घ्यायचे आणि त्यांचे सांधे, मोटरी, तारा काढून इतरांना बसवायच्या, असा मार्ग त्यांनी काढला. अवयवदान हाच शब्द तेथे वापरला जाऊ लागला. मात्र सुटे करण्यापूर्वी त्या देहाचा यथोचित निरोप व्हावा, असे या मंडळींना वाटले. चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या जुन्या बौद्ध मंदिरात २०१५ पासून आयबोंसाठी अंत्यविधी होऊ लागले. वेदीवर कुत्रे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या गळ्यात कोणत्या गावचा आणि कोणत्या घरचा ते सांगणारी चिठ्ठी, आणि समोर मंत्रपठण. एप्रिल २०१८ मधील विधीत ११४ कुत्रे होते. तोवर निरोप मिळालेल्यांची एकूण संख्या सुमारे ८०० झाली होती.

आपल्याकडील वाचकास हे ऐकून प्रथम हसू येईल. पण खंडेनवमीला कोयता, शिवणयंत्र आणि दारातली दुचाकी यांना हळदकुंकू लावणाऱ्या माणसांनी फार वेळ हसू नये. जपानमध्ये मोडलेल्या सुयांनाही निरोप देण्याची प्रथा आहे. ज्या वस्तूने सेवा केली ती उकिरड्यावर टाकवत नाही, ही भावना तेथली आणि येथली एकच.

आयबोंच्या दुखण्यांवरून आपल्यालाही शिकण्यासारखे आहे. दुसऱ्या पिढीच्या आयबोंत मान खाली पडण्याचा विकार इतका सर्रास दिसे की मालकांनी त्याला स्वतंत्र नावच दिले होते. मानेच्या सांध्यात एक घसरता जोड असतो. कोणी जोराने मान ओढली तर दात तुटू नयेत म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो. वर्षे गेली की त्याची पकड सैल होते आणि डोके उचललेच जात नाही. कुत्रा जागा असतो, डोळे लुकलुकत असतात, पण मान छातीवर. मालकांना वाटे, हा खिन्न झाला आहे. प्रत्यक्षात दुखणे एका सांध्याचे होते. आपल्या घरातही याचा उलटा प्रकार किती वेळा घडतो! आजोबांची मान वाकली की वय झाले म्हणून सोडून देतो आणि मणक्याची तपासणी राहून जाते.

झीज ओळखावी कशी

यंत्रप्राणी नवा असतानाच त्याचे दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवावे. आवाज, मान वळण्याचा वेग, स्पर्शानंतर किती वेळाने प्रतिसाद येतो, हे सारे त्यात येऊ द्यावे. पुढे शंका आली की तुलनेसाठी याहून चांगले साधन नाही. दररोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. आपल्या माणसांच्या बाबतीतही हेच होते. चार महिन्यांनी आलेली लेकच प्रथम विचारते, “आई इतकी वाळली कधी?”

पहिली खूण कानाला कळते. आतील दातेरी चाके बहुधा प्लास्टिकची असतात आणि त्यांना लावलेले वंगण कालांतराने सुकते. मग हालचालीबरोबर बारीक किरकिर ऐकू येते. ठरावीक अंतराने टक्-टक् होत असेल तर चाकाचा एखादा दात तुटलेला असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी घरातील कर्ता पुरुष हमखास शिवणयंत्राच्या तेलाची कुपी शोधू लागतो. कृपया तसे करू नये. पातळ तेल तारांवर आणि लवेत उतरते, धूळ धरून ठेवते, आणि काही प्रकारचे प्लास्टिक त्याने तडकते. खोबरेल तेलाचा तर विचारही नको. तसेच अडकलेला पाय किंवा मान हाताने वळवून मोकळी करण्याचा मोहही टाळावा. मोटर एका दिशेने ओढते, आपण दुसऱ्या, आणि मधल्या मध्ये दात झडतात. प्रथम कळ बंद करावी आणि मग केस किंवा धागा गुंतला आहे का, ते उजेडात पाहावे. निम्म्या वेळा लोकरीच्या शालीचा धागाच सापडतो.

दुसरी खूण हाताला कळते. यंत्रप्राणी किंचित कोमट लागणे स्वाभाविक आहे. एकाच जागी चटका बसावा इतके गरम लागत असेल तर तो त्याच क्षणी मांडीवरून उचलावा. ज्यांच्या पायांना मधुमेहामुळे बधिरता आली आहे त्यांना चटका जाणवत नाही, म्हणून हे पाहणे सोबत करणाऱ्याचे काम. चार्जिंगवर चालणाऱ्या प्राण्यांत लिथियमची बॅटरी असते. शेकडो वेळा भरली-उतरली की तिची धारणशक्ती घटते, म्हणजे पूर्वी दुपारभर चालणारा कुत्रा आता तासाभरात निजतो. ही केवळ वयाची खूण झाली. तिच्याने घाबरून जाऊ नये. पण बॅटरीच्या जागी फुगवटा आला, कप्प्याचे झाकण नीट बसेना, किंवा गोडसर रासायनिक वास येऊ लागला, तर गोष्ट निराळी. मग चार्जर कायमचा काढून ठेवावा, फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि ती घराबाहेर, पेट घेईल अशा वस्तूंपासून दूर ठेवून जाणकाराच्या हवाली करावी.

सेलवर चालणाऱ्या प्राण्यांचा धोका निराळा. नवे आणि जुने सेल एकत्र घातले की जुना सेल पार रिकामा होऊन पाझरतो. म्हणून बदलायचे तर सगळे एकाच वेळी आणि एकाच प्रकारचे. अशा मांजरांना लागणारे मध्यम जाडीचे सी आकाराचे सेल गल्लीतल्या दुकानात सहज मिळतीलच असे नाही. तेथे रिमोटचे बारीक सेल असतात किंवा विजेरीचे जाड. त्यामुळे एक जोडी घरात जास्तीची असावी. बदलल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत औषधांच्या नोंदीशेजारीच लिहावी. दोन-तीन आठवडे प्राणी वापरात नसेल, घरातील माणूस रुग्णालयात असेल, तर सेल काढून ठेवावेत. सेल पाझरलाच तर हातमोजे घालावेत. त्या द्रवात तीव्र अल्क असतो. खार चढलेल्या पट्ट्या लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसाव्यात, मग पाण्याने ओलावलेल्या काडीने आणि शेवटी कोरड्या. त्वचेला लागले असेल तर वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवावे. पावडर लावून झाकू नये. काकूंचा चट्टा त्यानंतर आठवडाभरात गेला. डोळ्यांत गेले असते तर एवढ्यावर निभावले नसते.

तिसरी खूण डोळ्यांना दिसते, आणि ती मला सर्वांत हृद्य वाटते. हात जेथे सतत फिरतो तेथली लव उडते. काकूंच्या मनीच्या दोन कानांमध्ये टक्कल पडले आहे. ते लपवायचे काही कारण नाही. पण शिवण उसवून आतील तार दिसू लागली, डोळा किंवा नाक सैल झाले, तर मात्र थांबू नये. विस्मरणाच्या पुढच्या टप्प्यात काही जण हाती येईल ते तोंडात घालतात. सुटलेला डोळा घशात अडकू शकतो. साध्या सुई-दोऱ्याने शिवण घालता येते, फक्त कळ बंद करून, सेल काढून, आणि आतील तारेत सुई जाणार नाही एवढे जपून.

पडणे हे माणसांप्रमाणे या प्राण्यांच्याही खचण्याचे मोठे कारण. मांडीवरून घसरून फरशीवर दोन-चार वेळा आपटले की मान आणि पाय यांचे सांधे हलतात. हाताला कंप असेल तर खुर्चीऐवजी पलंगावर किंवा पाटावर गादी घालून सोबत घडवावी.

लव, घाम आणि पावसाळा

स्वच्छतेकडे मात्र घरोघरी दुर्लक्ष होते, कारण हा प्राणी घाण करीत नाही असे आपण धरून चालतो. प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात आठ निरनिराळे यंत्र आणि खेळण्यातले प्राणी वृद्धनिवासातील रहिवाशांच्या हाती दिले. अवघ्या वीस मिनिटांच्या वापरानंतर बहुतेकांवरील जंतूंचे प्रमाण स्वीकारार्ह मर्यादेपलीकडे गेले. दिलासा इतकाच, की साध्या जंतुनाशक पुसणीने ते पुन्हा मर्यादेत आले. तेव्हा एकच प्राणी दोघा-तिघांत फिरत असेल तर प्रत्येक हातबदलाच्या वेळी पुसणे आवश्यक. घरात एकाच व्यक्तीकडे असेल तर आठवड्यातून एकदा पुरे. पण त्या व्यक्तीला खोकला, जुलाब किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर रोज.

पुसायचे ते पिळून काढलेल्या ओलसर फडक्याने. बादलीत बुडवायचे नाही, यंत्रात तर मुळीच नाही. प्रथम मऊ ब्रशने लव विंचरावी, म्हणजे जेवणाचे कण आणि गळलेले केस निघतात. मग फडके, मग पंख्याखाली पूर्ण वाळवणे. कडक उन्हात ठेवू नये. बॅटरीला ते बाधते आणि प्लास्टिक पिवळे पडते. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने लवेला बुरशी धरते. रात्री प्राणी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवण्याऐवजी सुती कापडात, कोरड्या कपाटात ठेवावा. कुबट वास आला तर अत्तर शिंपडून तो झाकू नये, विशेषतः दमेकरी घरात असेल तर. वास बाहेरच्या लवेचा की आतील कप्प्याचा, ते आधी पाहावे.

या बाबतीत जपानच्या ‘पारो’ या यंत्रसीलची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ताकानोरी शिबाता या संशोधकाने ते तयार केले. पांढऱ्याशुभ्र लवेचे सीलचे पिल्लू, वजन सुमारे अडीच किलो. लवच जंतुरोधक कापडाची. चार्जर बाळाच्या चोखणीच्या आकाराचा, म्हणजे बॅटरी भरणे हेसुद्धा त्याला भरवणेच होते. आधी मांजर-कुत्र्यांचे प्रयोग झाले होते. पण लोक त्यांची खऱ्याशी तुलना करीत आणि निराश होत. सीलचे पिल्लू कोणी कुशीत घेतलेले नसते, त्यामुळे तुलनाच उरत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा दिला. किंमत मात्र काही हजार डॉलर, म्हणजे आपल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर. सामान्य कुटुंबांना परवडतील अशी मांजरे आणि कुत्री २०१५ पासून ‘जॉय फॉर ऑल’ या नावाने अमेरिकेत मिळू लागली, आणि परदेशी असलेल्या लेकी-सुनांच्या बॅगांतून तसले प्राणी आता इकडेही येतात. येथे त्यांची दुरुस्ती करणारे दुकान शोधणे हाच एक उद्योग होऊन बसतो. खेळणी दुरुस्त करणारा कारागीर किंवा जुने रेडिओ-टेप उघडणारा माणूस बहुधा अधिक उपयोगी ठरतो.

घेण्याआधीच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. बॅटरी बदलता येते का? दुरुस्तीची सोय किती वर्षे मिळेल? प्राण्याचा ‘स्वभाव’ त्याच्या आत साठवला जातो की कंपनीच्या संगणकावर? जुन्या आयबोचा स्वभाव एका छोट्या मेमरी स्टिकवर असे. ती सांभाळली की निम्मे काम झाले. २०१८ मध्ये आलेल्या नव्या आयबोला मात्र इंटरनेट आणि वर्गणी लागते. वर्गणी थांबली की कुत्रा पूर्वीचा राहत नाही.

दवाखान्यात नेताना

मनीचा कप्पा साफ करून आणण्यासाठी घरच्यांनी तिला काकू झोपेत असताना उचलून नेले. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण तीन दिवस काकू पलंगाखाली, परसात, विहिरीच्या कठड्यापाशी मनीला शोधत राहिल्या. पावसात, शेवाळलेल्या पायरीवर. त्या पडल्या नाहीत हे केवळ नशीब. दुरुस्तीसाठी न्यायचे तर सांगून न्यावे, तेही एकदाच नव्हे, विचारतील तितक्या वेळा. “मनीला दाखवायला नेलंय, शुक्रवारी येईल,” एवढे पुरते. शक्य असल्यास त्यांच्याच हातून पिशवीत ठेवू द्यावे.

यात खोटेपणा आहे का? ऑस्ट्रेलियातील तत्त्वचिंतक रॉबर्ट स्पॅरो यांनी २००२ सालीच असा आक्षेप घेतला होता, की यंत्रकुत्र्यापासून खरा लाभ व्हायचा तर माणसाने स्वतःची फसवणूक करून घेतली पाहिजे. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. माझे मत एवढेच, की मांजर खरे आहे असे आपण होऊन सांगू नये, आणि काकू तिला खरे मानून बोलत असतील तेव्हा वाद घालू नये. त्या सरळ विचारतील तर सरळ उत्तर द्यावे. एकदा त्यांनी विचारले होते, “ही खोटी ना गं?” सूनबाई हो म्हणाल्या. “असू दे,” म्हणत काकूंनी तिला पुन्हा मांडीवर घेतले. अधिक काळजी करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. मांजर आल्यापासून घरची माणसे काकूंशेजारी कमी बसू लागली तर नाहीत ना?

आणि एक दिवस प्राणी पूर्णच थांबला तर? ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाच्या वेंडी मॉयल आणि सहकाऱ्यांनी २८ वृद्धनिवासांतील ४१५ विस्मरणग्रस्त रहिवाशांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना चालू पारो दिला, काहींना तोच पारो पण यंत्रणा बंद केलेला, आणि काहींना नेहमीचीच सेवा. चालू पारोशी लोक अधिक बोलले, त्याच्याकडे अधिक पाहिले. पण बंद पारो हाती असलेल्यांच्या चेहऱ्यावरचा निर्विकारपणाही नेहमीच्या सेवेतील लोकांपेक्षा कमी झाला. मऊ, वजनदार, कुशीत मावणारे काहीतरी असणे यालाच स्वतःचे मोल आहे. तेव्हा बंद पडलेला प्राणी घाईने बाहेर काढू नये. सेल किंवा बॅटरी तेवढी काढून तो तसाच मांडीवर राहू द्यावा. बॅटरी आणि आतील यंत्रणा मात्र घरच्या कचऱ्यात टाकू नये. आपल्याकडे २०२२ पासून बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. नगरपालिकेच्या किंवा अधिकृत संकलन केंद्रात ते द्यावे. त्याच दिवशी नवे मांजर आणून जुन्याच्या जागी गुपचूप ठेवणे हा मार्ग काहींना साधतो, काहींना नाही. काकूंच्या बोटांना कानामधले टक्कल ठाऊक आहे. नव्या लवेवर त्यांचा हात फिरेल, पण थबकेल.

मनी सध्या घुरघुरते. मान वळत नाही. रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या रेडिओवाल्याने उघडून पाहिले आणि चाकाचा दात गेल्याचे सांगितले, तसा भाग येथे मिळणार नाही. काकूंना ते कळवले तेव्हा त्या म्हणाल्या, “माझीही वळत नाही आता फारशी.” लेक दिवाळीला येणार आहे, तिला सेलचे दोन खोके आणायला सांगितले आहेत.